कोल्ह्याआधी खुराड्याकडे पाहा

सकाळी सहाला खुराडे उघडायला जावे, तर दार आधीच अर्धे उघडे. आत दोन कोंबड्या मरून पडलेल्या, तिसरी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली आणि चौथीचा पत्ताच नाही. कुंपणापर्यंत तेवढी पिसे सांडलेली. परसात कोंबड्या पाळणाऱ्या घराला ही सकाळ कधी ना कधी पाहावी लागते. शेजारपाजार जमतो, कोणीतरी म्हणतो, ‘कोल्हाच असणार.’ मग रात्री कोल्हेकुई ऐकल्याचे आणखी दोघांना आठवते. आणि थोड्याच वेळात बोलणे फासावर किंवा विषावर येते.

घरातल्या माणसाचा संताप समजण्यासारखा आहे. गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते, खुडूक बसून पिल्ले काढते. चार कोंबड्या गेल्या म्हणजे घरातल्या मुलांची अंडी गेली आणि बाजारच्या दिवशी हातात येणारे पैसेही गेले. पण विष घातलेल्या मांसाने बहुतेक वेळा भलताच जीव जातो. शेजारचा कुत्रा मरतो, मांजर मरते, मेलेले जनावर खाणारी घार मरते. ज्याने कोंबडी नेली तो प्राणी मेला, तरी महिन्याभरात दुसरा त्याच वाटेने येतो, कारण वाट तशीच उघडी राहिलेली असते. म्हणून या प्रश्नाकडे जरा शास्त्राच्या अंगाने पाहू.

कोल्हा कोणता?

इंग्रजी गोष्टींतला ‘फॉक्स’ मराठीत आला तो कोल्हा होऊन. लंडन, ब्रिस्टलसारख्या शहरांत घरामागच्या बागेतून फिरणारा आणि तिथल्या हौशी कोंबडीपालकांची झोप उडवणारा प्राणी म्हणजे लाल खोकड. आपल्या महाराष्ट्रातले खोकड वेगळे. ते दोन-तीन किलोंचे, शेपटीचे टोक काळे असलेले, मोकळ्या माळरानावर बिळे करून राहणारे. उंदीर, टोळ, सरडे, बोरे हे त्याचे मुख्य खाणे.

आपण ज्याला कोल्हा म्हणतो, ज्याची कुई संध्याकाळी ऐकू येते, तो इंग्रजीतला ‘जॅकल’. तो लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या कुळातला, साधारण आठ ते अकरा किलोंचा. गावाच्या कडेला, उसाच्या फडात तो पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या खाडीलगतच्या कांदळवनांतही त्याची वस्ती आहे. भरती-ओहोटीच्या चिखलातले खेकडे, उंदीर, मासे आणि माणसाने टाकलेले खरकटे, यांतले जे मिळेल ते तो खातो. एका बाजूला इमारती आणि दुसऱ्या बाजूला खाडी अशा पट्ट्यात राहणारा हा कोल्हा रात्री वस्तीत शिरतो, तेव्हा त्याला कोंबडीपेक्षा आधी सापडतो तो उघडा कचरा.

मारेकरी कोण, हे आधी ठरवा

कोंबडी गेली की दोष कोल्ह्यावर येतो, पण परसातल्या कोंबडीचे शत्रू डझनभर आहेत. प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि उपायही वेगळा. एका खुणेवरून पक्के सांगता येत नाही. दोन-तीन खुणा जुळल्या तर अंदाज बरा येतो.

कोल्हा बहुधा रात्री किंवा पहाटे येतो आणि पूर्ण वाढलेली कोंबडी उचलून नेतो. मागे पिसांचे पुंजके राहतात, कुंपणाखाली उकरलेले दिसते. मोकाट कुत्री दिवसाही येतात, जाळी ओरबाडून फाडतात, अनेक कोंबड्या मारतात आणि बऱ्याचदा खात नाहीत. मुंगूस दिवसाउजेडी हिंडतो. फोडलेली अंडी, मानेला-डोक्याला चावा आणि नाहीशी झालेली पिल्ले ही त्याच्या फेरीची चिन्हे. उदमांजर रात्री छपरावरून किंवा झाडावरून उतरते, पत्र्याखालच्या फटीतून आत शिरते. रानमांजर पिल्ले आणि तलंगा उचलते.

अंडी किंवा लहान पिल्ले गायब आहेत, पण रक्त नाही, पीस नाही, आवाजही झाला नाही, तर धामण किंवा नागाचा विचार करावा. साप भक्ष्य अख्खेच गिळतो. अशा वेळी अंधारात खुराड्यात हात घालू नये. घोरपडही अंडी खाते. उंदीर-घुशी पिल्ले ओढून नेतात आणि खुराड्याला भोके पाडून इतरांसाठी वाट करून ठेवतात. दिवसा अंगणातून पिल्लू उचलणारे कावळा, घार आणि शिक्रा.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. खुराड्यात कोंबड्या मेल्या आहेत, पण अंगावर जखम नाही, तर मारेकरी प्राणी नसून रोग असू शकतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग एका घरातून दुसऱ्या घरात झपाट्याने पसरतो. एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर बर्ड फ्लूचीही शंका घ्यावी लागते. अशा वेळी मेलेले पक्षी कापू नयेत, विकू नयेत, उकिरड्यावर टाकू नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे.

एकच खायची, तर चार का मारल्या?

कोंबडीवाल्यांना सर्वांत जास्त चीड येते ती याची. भूक एका कोंबडीची, मग बाकीच्या मारून का टाकल्या? प्राणी क्रूर आहे, ‘चटावला’ आहे, असे आपण म्हणतो. प्राणिशास्त्रज्ञांनी या वागण्याचा अभ्यास केला आहे. डच वंशाचे शास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर, जमिनीवर घरटी करणाऱ्या कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत लाल खोकडांच्या शिकारीची पाहणी केली. १९७२ साली त्यांनी अशा अतिरिक्त हत्येवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. एरवी एक पक्षी पकडला की बाकीचे उडून जात. पण काळ्याकुट्ट अंधाराच्या रात्री पक्षी जागचे हलत नसत आणि त्याच खोकडांकडून पक्ष्यांचा सडा पडे.

याचे कारण असे की शिकारी प्राण्यात पकडणे, मारणे आणि खाणे या वेगवेगळ्या प्रेरणा असतात. पोट भरले की खाणे थांबते. मारणे मात्र त्याबरोबर थांबतेच असे नाही. जंगलात ते आपोआप थांबते, कारण पहिल्या झडपेनंतर बाकीचे भक्ष्य पळून गेलेले असते. बंद खुराड्यात कोंबड्यांना पळायला जागा नसते. त्या फडफडतात, ओरडतात, आणि ती फडफडच पुढच्या झडपेला चेतवते. शिवाय खोकड आणि कोल्हा उरलेले अन्न पुरून ठेवतात. सवड मिळाली तर मारलेल्या चारही कोंबड्या त्यांनी एकेक करून नेल्या असत्या. आपण कंदील घेऊन बाहेर येतो म्हणून त्या तिथेच राहतात.

या माहितीचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. जनावर एकदा आत शिरले की नुकसान एका कोंबडीवर थांबणार नाही. त्यामुळे सगळा भर त्याला आत येऊ न देण्यावर हवा.

रात्री कोंबडी आंधळी

दिवसा कोंबडीची नजर आपल्यापेक्षा सरस असते. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या. कोंबडीच्या डोळ्यात त्या चार प्रकारच्या, आणि त्याशिवाय जोडशंकू वेगळे. तांदळाच्या कोंड्यातली मुंगी ती नेमकी टिपते. आकाशात घार दिसली तर कोंबडा एक प्रकारचा आवाज काढतो आणि कुत्रा-मांजर दिसले तर वेगळा. त्या त्या आवाजासरशी कोंबड्या दबून बसतात किंवा माना उंचावून सावध होतात.

मात्र मंद उजेडात पाहण्यासाठी लागणाऱ्या दंडपेशी कोंबडीच्या डोळ्यात तुलनेने कमी असतात. दिवस मावळला की तिला जवळजवळ काही दिसत नाही, म्हणून ती टेकायला जागा शोधते आणि तिथून हलत नाही. कोल्ह्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. टॉर्चच्या झोतात त्याचे डोळे चमकतात ते त्यामुळेच. अपुऱ्या उजेडाचा तो दुप्पट उपयोग करतो, आणि नाक-कान तर आहेतच. दिवसा कोंबडीला जी थोडीफार संधी असते, ती रात्री राहत नाही.

कोंबडीचा पूर्वज रानकोंबडा झाडावर रात्र काढतो. गावठी कोंबडीही मोकळी सोडली तर आंब्यावर नाहीतर शेवग्यावर चढून बसते. तिथे कोल्ह्याची भीती नसते, पण उदमांजराची आणि घुबडाची असते. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची कोंबडी अंगाने जड. तिला उंच उडता येत नाही, चटकन पळताही येत नाही. अंडी आणि मांस जास्त मिळते म्हणून या जाती घेणाऱ्यांनी खुराड्याचा खर्चही त्याच हिशेबात धरायला हवा.

खुराडे कसे असावे

पहिली चूक जाळीची. बाजारात ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा कोल्ह्याला बाहेर ठेवू शकत नाही. ती दातांनी आणि पंजांनी फाटते, पावसाळ्यानंतर गंजून आणखी कमकुवत होते. रात्रीच्या खुराड्याला अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जाड तारेची वेल्डेड जाळी लावावी. ती चुकांनी न ठोकता पट्टी आणि स्क्रूने बसवावी. सगळ्या परसाला अशी जाळी परवडत नाही. रात्रीच्या जागेपुरती लावली तरी काम होते.

दुसरी चूक जमिनीची. कोल्हा, कुत्रा, मुंगूस, घूस हे सगळे उकरतात. तळाला कोबा किंवा फरशी असेल तर उत्तम. नसेल तर जाळी भिंतीच्या पायथ्याशी फूटभर खाली पुरावी. तेवढे खोदणे शक्य नसेल तर ती बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरावी आणि वर दगड-माती टाकावी. उकरणारा प्राणी भिंतीला अगदी लागून खोदायला सुरुवात करतो. खाली जाळी लागली की मागे सरून दीड फुटावरून बोगदा काढण्याचे त्याला सहसा सुचत नाही. जोत्यावर किंवा खांबांवर दोन फूट उचललेले खुराडेही चांगले. कोकणात ओल आणि पुराच्या पाण्यापासूनही ते वाचते. मात्र खालची मोकळी जागा अडगळीने भरू नये, नाहीतर तिथे घुशी आणि साप मुक्काम करतात.

तिसरी चूक फटींची. पत्रा आणि भिंत यांच्यामधली, दारालगतची किंवा कौलाखालची फट आपल्याला क्षुल्लक वाटते. पण मुंगसाचे आणि मांजराचे अंग लवचीक असते, डोके शिरले की धडही शिरते. अंगठा सहज जाईल अशी प्रत्येक फट बुजवावी. हवा मात्र अडवू नये. विष्ठेतून निघणारा अमोनिया बंद खुराड्यात साचला तर कोंबड्यांचे डोळे आणि श्वसनमार्ग चुरचुरतात, रोग बळावतात. म्हणून वरच्या बाजूला हवेसाठी मोकळी जागा ठेवून तिथेही तीच जाळी लावावी.

चौथी आणि सर्वांत मोठी चूक कडीची. नुसती अडकवलेली दोरी, आडवी घातलेली काठी किंवा सैल कोयंडा जनावराच्या धक्क्याने निसटतो. कडी घालून तिच्यात खिट्टी किंवा कुलूप अडकवावे. टोपलीवजा डालग्याखाली कोंबड्या झाकून वर दगड ठेवण्याची पद्धत घराच्या आत किंवा पडवीत ठीक आहे. उघड्या अंगणात एखादे कुत्रेही डालगे उलथून टाकते.

आत टेकायला दांडी हवी, प्रत्येक कोंबडीमागे वीतभर जागा. ती भिंतीपासून थोडी आत असावी, म्हणजे जाळीबाहेरून पंजा घातला तरी कोंबडी हाती लागत नाही.

दिवेलागणीची सवय

चांगले खुराडे बांधूनही कोंबड्या जातात, त्या बहुतेकदा दार लावायला उशीर झालेल्या संध्याकाळी. अंधार पडताना कोंबड्या आपणहून खुराड्याकडे येतात. संध्याकाळचे दाणे रोज आतच टाकले तर त्यांना शिटी मारून बोलवावेही लागत नाही. सगळ्या आल्या की मोजाव्यात आणि मग कडी लावावी. एखादी कमी असेल तर ती बहुधा कुठेतरी झुडपात अंड्यांवर बसलेली असते. तिला शोधून आणावे. हे काम घरातल्या एका ठरावीक माणसाकडे असावे. ‘त्याने लावले असेल’ या भरवशावर दार उघडे राहते.

उरलेले दाणे रात्री तसेच ठेवू नयेत. दाण्याला उंदीर येतात, उंदरामागे साप आणि मुंगूस येतात. अंडी रोज दुपारी गोळा करावीत. कोंबडी कापल्यावर पिसे, आतडी, मुंडकी कुंपणापलीकडे भिरकावण्याची सवय तर लगेच सोडावी. ती घाण म्हणजे कोल्ह्याला आणि मोकाट कुत्र्यांना दिलेले रोजचे आमंत्रण. त्यांच्या वाटा एकदा पक्क्या झाल्या की खुराडे त्याच वाटेवर येते. असा कचरा खोल पुरावा किंवा झाकणाच्या डब्यात ठेवावा.

लुकलुकणारे दिवे, वाऱ्यावर वाजणारे डबे, बुजगावणी यांचा उपयोग थोडे दिवस होतो. त्यापासून काही अपाय होत नाही, हे कोल्ह्याला आठवड्या-दोन आठवड्यांत कळते. राखणीचा कुत्रा उपयोगी पडतो, पण त्याला दरवर्षी रेबीजची लस दिलेली हवी.

मारून प्रश्न सुटत नाही

कोल्हा जोडीने राहतो आणि आपला इलाखा राखतो. एक जोडी संपली की मोकळ्या इलाख्यात आसपासचे तरुण कोल्हे शिरतात. इंग्लंडमधल्या शहरांचा खोकडांबाबतचा अनुभवही असाच आहे. मारण्याने संख्या थोडा काळच घटते आणि कोंबड्या वाचतात त्या पक्क्या खुराड्यामुळे. शिवाय कोल्हा, खोकड, मुंगूस, उदमांजर या सगळ्यांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे. त्यांना मारणे, फास लावणे किंवा विष घालणे हा गुन्हा आहे. शेतातल्या उंदीर-घुशींचा फडशा हेच प्राणी पाडतात, हेही हिशेबात धरावे.

रेबीज: इथे मात्र हयगय नको

वस्तीत कोल्हा दिसला म्हणजे तो पिसाळलेलाच असेल असे नाही. निरोगी कोल्हा माणसाला पाहून बाजूला होतो. पण दिवसाढवळ्या वस्तीत शिरणारा, माणसाला न बिचकणारा, झोकांड्या खाणारा, लाळ गळणारा किंवा दिसेल त्यावर धावून जाणारा कोल्हा धोक्याचा. २०२४ साली मुंबईत चेंबूर-गोवंडी भागात सापडलेल्या कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज आढळला होता. असा प्राणी दिसल्यास काठी घेऊन मागे लागू नये, मुलांना आणि कुत्र्यांना घरात घ्यावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

खुराड्यात शिरलेले जनावर हुसकताना चावले किंवा ओरखडले, तर जखम कितीही लहान असली तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तंबाखू असे काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात जाऊन ‘जंगली प्राणी चावला’ असे स्पष्ट सांगावे. वन्य प्राण्याच्या चाव्यात लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन देण्याची गरज असते. लशीचे सगळे डोस ठरल्या तारखांना पूर्ण करावेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी, वेळेवर घेतलेले उपचार मात्र जीव वाचवतात. घरच्या कुत्र्याशी झटापट झाली असेल तर त्यालाही पशुवैद्याकडे न्यावे.

जनावराने मारलेली कोंबडी ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून शिजवू नये. सोलताना हाताच्या एखाद्या चिरेला लाळेचा संसर्ग होऊ शकतो, आणि रात्रभर पडलेल्या मांसात जंतूही वाढलेले असतात. हातात प्लास्टिकची पिशवी घालून ती उचलावी, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी आणि हात साबणाने धुवावेत. वाचलेल्या कोंबड्यांना तपासून घ्यावे. पिसांखालची जखम पटकन दिसत नाही आणि तिथे माशा बसून किडे होतात.

हे सगळे उरकले की त्याच सकाळी जनावराची आत येण्याची वाट शोधून बंद करावी. ज्या प्राण्याला एकदा कोंबडी मिळाली, तो एक-दोन रात्रींत परत येण्याची शक्यता मोठी असते. त्या दोन रात्री उरलेल्या कोंबड्या पडवीत किंवा घरात घ्याव्यात. तोवर उकरलेली जागा बुजवून खाली जाळी घालावी, फाटलेला भाग बदलावा, दाराला नवी कडी लावावी. तिसऱ्या रात्री कोल्हा कदाचित येईलही, पण दार बंद असेल तर खुराड्याभोवती एक चक्कर मारून आल्या वाटेने परत जाईल.